रावसाहेबांचं ‘डिटेस्ट’

रावसाहेबांच्या इंग्रजीपुढे दिल्लीतली अख्खी सरकारी वसाहत, आर. के. पुरम, पाणी भरते, असं खुद्द रावसाहेबच सांगत! केंद्राच्या मंत्रालयात टिपणं लिहून लिहून हातच तसा बसलेला.

आणि त्या दिवशी गुरुग्रामहून मित्राच्या मुलीचा, स्वरूपाचा मेसेज आला. "काका, संडेला लंचला या. सासूबाई पुण्याहून आल्यात. पुरणपोळी चलेगी ना?"

रावसाहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं! शुगर निघाल्यापासून बायकोने, नंदाताईंनी, घरात गूळच बंद केला होता. "बाहेर कुणी आग्रह केलाच, तर एक खा," एवढीच काय ती सवलत.

पण पहिल्या फटक्यात हो म्हणणं म्हणजे हावरटपणा! आधी आपण नको म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा, ही आपली रीत.

"अहो, साधं ‘आय डोन्ट लाइक’ लिहा," नंदाताई म्हणाल्या.

"छे! ते पोरंटोरं म्हणतात. डिसलाइक गार चहाला. हेट म्हणजे थेट भांडण. शिकल्यासवरल्या माणसाचं ‘नको’ कसं भारदस्त हवं. डिटेस्ट!" आणि त्यांनी ठोकून दिलं, "कष्ट घेऊ नका. आय डिटेस्ट पुरणपोळी!"

रविवारी दार उघडताच साजूक तुपाचा घमघमाट आला. रावसाहेब बाह्या सरसावून टेबलाशी बसले. सगळ्यांच्या ताटात पोळी पडली. त्यांच्या ताटात दुधीची भाजी!

"काका, तुमची कढई वेगळी ठेवली. पुरणाचा हातही लागू दिला नाही, प्रॉमिस!" स्वरूपा म्हणाली.

"अगं, तुझ्या समाधानासाठी घेतो की अर्धी!"

"बिल्कुल नाही! मला कुणाला फोर्स करणं पटतच नाही."

दिल्लीत वाढलेली पोर, तिला आग्रह कुठून ठाऊक असणार? रावसाहेबांनी आशेने तिच्या सासूबाईंकडे, प्रमोदिनीताईंकडे पाहिलं.

"अर्थ विचारून घेतला मी," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. "डिटेस्ट म्हणजे तिटकारा. एवढा तिटकारा असलेल्याला आग्रह करायचं पाप मी नाही करायची!"

नंदाताईंनी मात्र तुपात बुडवून दोन हाणल्या. निघताना स्वरूपाने त्यांच्या हाती डबा दिला. "काकू, काका बाहेर गेले की खा हं!"

टॅक्सीत डब्याच्या वासाने रावसाहेबांचा धीर सुटला. सगळा मान गुंडाळून ठेवून त्यांनी स्वरूपाला टाइप केलं, "आय लव्ह पुरणपोळी. अगदी खरं!"

उत्तर लगेच आलं.

"सो स्वीट, काका! सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून किती छान खोटं बोलता! त्या म्हणाल्या, माणूस भला आहे. पुढच्या वेळी दुधीच करू!"