चिमीचा मंजूर आवाज

बाईने चेंडू मारताना तोंडातून किती आवाज काढावा, याविषयी टेनिस संघटनेच्या नियमावलीत एका अक्षराचीही तरतूद नव्हती. नेट किती उंच असावं, मोजे कोणत्या रंगाचे असावेत, घाम पुसलेला टॉवेल खुर्चीच्या कोणत्या बाजूला टाकावा, हे सगळं सविस्तर लिहिलेलं होतं. एवढी मोठी उणीव इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, कारण महिलांचे सामने चालू असताना संघटनेचे अध्यक्ष मान्यवरांच्या कक्षात गाढ झोपलेले असत. त्या दिवशी मात्र चिमीने असा काही फोरहँड मारला आणि त्यासोबत पोटातून असा काही ‘हँऽऽ’ काढला, की अध्यक्ष दचकून जागे झाले आणि पोटावर ठेवलेला चहाचा कप त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर लवंडला. नियमावली अपुरी असल्याचं त्यांना तत्काळ जाणवलं.

चिमी हे तिचं घरातलं नाव. वर्तमानपत्रं तिला ‘तोफ’ म्हणत. देशातल्या बायकांमध्ये तिचा क्रमांक दुसरा होता, आणि वर्षअखेरची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली की ती पहिली होणार होती. पहिलीला जागतिक स्पर्धेत थेट प्रवेश. चिमीचं वय टेनिसच्या हिशेबाने उताराला लागलेलं, गुडघा पावलागणिक कुरकुरणारा, तेव्हा ही संधी गेली तर दुसरी येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. लहानपणापासून तिने मरमर केली होती ती या एका गोष्टीसाठी.

आणि तो आवाज तिने फुकट मिळवलेला नव्हता. तिच्या घरात आवाज नावाची वस्तूच नव्हती. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपत, त्यामुळे घरात भांडी फडक्यावर ठेवली जायची, दारं धरून लावली जायची, आणि आई दर दोन वाक्यांनंतर “हळू, बाबा झोपलेत” म्हणायची. पुढे बाबा निवृत्त झाले, चारचौघांसारखे रात्री झोपायला लागले, तरी घर आपलं कुजबुजतच राहिलं. अशा घरातली पोर कोर्टवर आली तेव्हा ती श्वास कोंडून चेंडू मारायची आणि चेंडू नेटमध्ये जाऊन निपचित पडायचा. तिला शिकवणाऱ्या मास्तरांनी मग सुरुवातीला दुसरं काही शिकवलंच नाही. तिला भिंतीसमोर उभं केलं आणि सांगितलं, चेंडू रॅकेटला लागेल त्या क्षणी पोटातला सगळा वारा बाहेर टाक. तिने लाजत लाजत दोनचार वेळा हुं हुं केलं, आणि मग एकदा मनापासून ‘हँऽऽ’ केलं, तर चेंडू भिंतीवरून असा उलटला की मास्तरांना खाली वाकावं लागलं. आपल्यालाही आवाज आहे हे चिमीला त्या दिवशी कळलं. घरी जाताना ती रस्ताभर हसत होती.

अध्यक्षांची पँट धुवायला गेली आणि संघटनेने ‘ध्वनी व शालीनता उपसमिती’ नेमली. समितीवर एक निवृत्त न्यायाधीश, एक कानाचे डॉक्टर, एक गायनशिक्षक आणि अध्यक्षांचे मेहुणे होते. मेहुण्यांचा गालिच्यांचा व्यापार असल्याने आवाज कसा दाबावा याचा त्यांना अनुभव होता. टेनिस खेळणारं कुणी समितीवर घेतलं नाही, कारण अशा लोकांचं मत एकतर्फी होण्याची शक्यता असते, असं सचिवांनी स्पष्ट केलं. सचिव फार मृदू बोलत. ते कुणाचं नुकसान करताना तर इतके मृदू होत, की समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागे.

मास्तरांनी विचारलं, की पुरुष खेळाडू हिच्या दुप्पट बोंबलतात, त्यांचं काय. सचिव म्हणाले, “तो आवाज नसतो हो, मास्तर. तो जोर असतो.” तरी निःपक्षपातीपणा हवा म्हणून समितीला पडद्यामागून दोन ध्वनिमुद्रणं ऐकवण्यात आली. पहिलं ऐकून न्यायाधीशांच्या अंगावर काटा आला आणि त्यांनी ‘वीरश्रीयुक्त’ असा शेरा मारला. गायनशिक्षकांना तर तो थेट बेंबीच्या देठापासून आलेला वाटला. दुसऱ्यावर ‘किंचाळणे, असभ्य’ असं सर्वांचं एकमत झालं. मग पडदा बाजूला करून सांगण्यात आलं, की पहिला आवाज चिमीचा आहे आणि दुसरा पुरुषांच्या विजेत्याचा. न्यायाधीशांनी चष्मा पुसून आपला शेरा पुन्हा वाचला. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी मुद्दा काढला, की दोष पडद्याचा आहे. खेळाडू दिसल्याशिवाय आवाज कसा आहे हे कळणार कसं? हा मुद्दा सर्वांना पटला, आणि शेऱ्यांची अदलाबदल करून समिती चहाला उठली.

त्यातून नियम तयार झाला. सुसंस्कृत स्त्री तोंडाला रुमाल लावून शिंकेल तेवढा आवाज क्षम्य. त्यापुढे गेल्यास पॉइंट प्रतिस्पर्ध्याला. मर्यादा ठरवायला गालिचेवाल्यांच्या पत्नीला आमंत्रण होतं, पण त्या चारचौघांत शिंकायला तयार होईनात, म्हणून न्यायाधीशांनीच त्यांच्या वतीने नाजूकपणे शिंकून दाखवलं. आवाज मोजण्यासाठी ‘ध्वनी अधिकारी’ हे पद निर्माण झालं आणि संघटनेच्या कोठारात जुनी नेटं सांभाळणाऱ्या एका पापभीरू गृहस्थांना बढती मिळाली. ते पंचांच्या शेजारी यंत्र घेऊन बसत, आणि काटा लाल रेघेपलीकडे गेला की अपराध्यासारखा हात वर करत.

चिमीने आपल्या परीने नियम पाळून पाहिला. तोंडातून ब्र काढायचा नाही म्हणून ती ओठ घट्ट मिटायची. ओठ मिटले की श्वास अडकायचा, श्वास अडकला की खांदा आवळायचा आणि चेंडू पुन्हा लहानपणीसारखा नेटमध्ये जाऊन पडायचा. ज्यांना ती जांभई देत हरवायची, अशा मुलींकडून ती हरली. मास्तर सचिवांपुढे जाऊन चिडले, मग गयावया केली, मग पुन्हा चिडले. सचिवांनी तिन्ही वेळा त्यांना पाणी दिलं.

पुढे प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. तोफेत पूर्वीची आग राहिली नाही, ती थंडपणे खेळते, पैसे वसूल होत नाहीत. दूरदर्शनवर तिचे सामने पाहणारे कमी झाले, आणि तिच्या ‘हँऽऽ’वर जाहिरात बेतणाऱ्या मलमाच्या कंपनीने हात आखडता घेतला. सचिवांनी चिमीला कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली आणि पंख्याखाली बसवलं.

“तुम्ही हल्ली फार गप्प असता, असं लोकांचं म्हणणं आहे,” ते म्हणाले.

“तुम्हीच गप्प केलंत.”

“आम्ही आवाजाला मर्यादा घातली. उत्साहाला नाही.”

“मग ओरडू?”

“छे, तुम्ही कशाला? तुम्ही खेळा. ओरडण्याची व्यवस्था संघटना करेल.”

व्यवस्था झाली. नभोवाणीवर सोशिक सुनांची कामं करणाऱ्या एका नटीकडून ‘अहं’ असा गोड, किंचित दमलेला आवाज ध्वनिमुद्रित करून घेण्यात आला. समितीने तो अनेकदा ऐकला आणि मंजूर केला. चिमीने चेंडू मारला की ध्वनी अधिकाऱ्यांनी बटण दाबायचं आणि मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून तो वाजायचा. पण अधिकारी आधी यंत्राचा काटा बघत, मग चष्मा सारखा करत, मग बटण शोधत. तोवर चेंडू पलीकडे पोहोचलेला असे. प्रतिस्पर्धी चेंडू मारतेय आणि आवाज चिमीचा येतोय, असं होऊ लागलं. एकदा ती खुर्चीत बसून पाणी पीत असताना चारही कोपऱ्यांतून ‘अहं’ आला आणि प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईने लाजून पदर तोंडाला लावला.

प्रतिस्पर्ध्यांनी रीतसर तक्रार केली. ती योग्यच होती. त्यावर संघटनेने परिपत्रक काढलं, की आवाज आणि फटका यांचा मेळ बसवण्याची जबाबदारी खेळाडूची राहील. म्हणजे चिमीने चेंडू कधी मारायचा, हे बटण ठरवणार. मास्तरांनी कोर्टच्या कडेला बसून ते दोनदा वाचलं. मग उठले आणि म्हणाले, “तुला आता शिकवून उपयोग नाही गं. मी त्या बटणवाल्याला शिकवतो.”

आणि त्यांनी खरंच शिकवलं. रोज सकाळी ध्वनी अधिकारी पायात कॅनव्हासचे बूट घालून हजर होत. मास्तर त्यांना चेंडूवर नजर ठेवायला, चिमीचा खांदा वळला की अंगठा तयार ठेवायला शिकवत. भला माणूस, जीव ओतून शिकला. महिन्या-दीड महिन्यात त्यांचा अंगठा इतका तयार झाला, की चिमी पुन्हा जिंकायला लागली. श्वास कोंडूनच जिंकायची, खांद्यात सतत कळ असायची, रात्री आई न बोलता शेकत बसायची, पण जिंकायची. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की तोफेला सूर सापडला. संघटनेने वर्षातल्या सर्वोत्तम कामगिरीचा चषक जाहीर केला, तो ध्वनी अधिकाऱ्यांना.

राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी आली. समोर पहिल्या क्रमांकाची मुलगी होती, आणि तीही ओठ मिटून, मानेच्या शिरा ताणून खेळत होती. मंजूर आवाज एव्हाना सगळ्याच बायकांना लागू झाला होता, त्यामुळे दोघींच्या वतीने कर्ण्यांतून तीच नटी आळीपाळीने दमत होती. मान्यवरांच्या कक्षात अध्यक्ष शांत झोपले होते. निर्णायक सेटमध्ये चिमी पुढे गेली, आणि अखेर अशी वेळ आली की सामना जिंकायला तिला एकच पॉइंट हवा होता.

चेंडू तिच्या उजव्या बाजूला उंच आला. लहानपणापासून ज्या फटक्याची वाट पाहावी, तसा. तिने पाय रोवले, दात आवळले, सगळा वारा पोटात दाबून धरला आणि असेल नसेल तेवढ्या ताकदीने मारला. अधिकाऱ्यांचा अंगठा अचूक पडला. ‘अहं’ झालं. चेंडू रेघेच्या आत पडून उसळला, समोरची जागची हललीही नाही. आणि त्याच क्षणी चिमीच्या खांद्यात काहीतरी फाटलं, ती कोसळली आणि ओरडली. तो ओरडा तिने काढला नव्हता, तो आला. मैदानाबाहेरच्या रस्त्यावर माणसं थबकली. यंत्राचा काटा लाल रेघ ओलांडून पलीकडच्या खिळ्यावर आपटला आणि तिथेच अडकला.

पंचांनी नियमावली पाहिली. चेंडू दुसऱ्यांदा उसळण्याआधी आवाज झाला होता, म्हणजे पॉइंट चालू होता, म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याचा. वेदनेने ओरडल्यास काय, अशी शंका रेषेवरच्या पंचांनी काढली. त्यावर सचिवांनी खाली येऊन हळुवारपणे सांगितलं, की वैद्यकीय ओरडण्याला मुभा आहे, फक्त पूर्वसूचना हवी. हे चाललं असताना चिमी मातीत पडून होती. तिची आई, जिने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, ती प्रेक्षकांत उभी राहिली आणि गळा फाडून म्हणाली, “अरे, कुणीतरी जा ना तिच्याजवळ.”

शेजारच्या रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं. “हळू, बाई,” तो म्हणाला. “सामना चालू आहे.”

चिमी उठली नाही, त्यामुळे सामना सोडून दिल्याचं जाहीर झालं. ध्वनी अधिकाऱ्यांना ते बघवेना. तिच्यासाठी काहीतरी करावं म्हणून त्यांनी, हातात होतं तेवढं केलं: बटण दाबलं. स्ट्रेचर बाहेर जाताना चारही कोपऱ्यांतून गोड, किंचित दमलेलं ‘अहं’ घुमलं आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की ताट उचलता येईल, रॅकेट नाही. चिमीने ते ऐकून घेतलं. त्या घरात मोठ्याने रडायची कुणालाच सवय नव्हती. नंतर एका दुपारी तिने आईला फक्त एवढंच विचारलं, की मी ओरडले ते कुणाला ऐकू गेलं का गं. आईने चाचपडत फोन उघडला आणि म्हणाली, जगाने पाहिलंय.

ते खरं होतं. चिमी कोसळतेय आणि तोंड आ वासून ओरडतेय, ती चित्रफीत घरोघरी पोहोचली होती. तिच्या वाकड्या झालेल्या चेहऱ्याखाली लोकांनी गमतीदार ओळी लिहिल्या होत्या: सुट्टी संपल्यावर मी, सासूबाई आठ दिवस राहायला येणार हे कळल्यावर मी. संघटना आधी धास्तावली. तो ओरडा नियमबाह्य असल्याने चित्रफितीतून काढून टाकावा, म्हणून तज्ज्ञही नेमले. तज्ज्ञांनी चौकशी करून कळवलं, की आवाज काढून टाकायची गरज नाही. तो आहे तसा आहे, पण चित्रफीत सगळे जण आवाज बंद करूनच पाहतात.

वार्षिक सभेत सचिवांनी हे मोठ्या समाधानाने सांगितलं. नियम कितीही केले तरी लोकांच्या साथीवाचून ते यशस्वी होत नाहीत, असं म्हणून त्यांनी रसिकांचे मनःपूर्वक आभार मानले. ते रसिक म्हणजे तुम्हीच. तुमच्याकडेही ती चित्रफीत आली होती, तुम्ही हसलात आणि चारजणांना पाठवलीत. आवाज लावून एकदा पाहा. अजून आहे तिच्यात.