खिशातल्या रबरी मुठी

नेवाळकर सर एखाद वेळी स्टेथोस्कोप विसरत, पण त्यांच्या ॲप्रनच्या खिशात सायकलच्या हँडलच्या रबरी मुठी असायच्याच. हॉस्पिटलच्या स्टँडवर कुणाचंही उघडं हँडल दिसलं की सर वाकून मूठ बसवायचे.

"पडलं की लोखंडी टोक पोटात घुसतं, मागे पाठीचा कणा. मधे चिरडतं कोण?"

"स्वादुपिंड, सर."

"आणि ते महालाजाळू. लागलं तरी दोन-दोन दिवस बोलत नाही."

मी जिंतूरहून चंदीगडला शिकायला आलेला, घरातला पहिला पदवीधर. सरांचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवायचो. हेही उतरवलं.

पंजाबातली ती बॉम्बस्फोटांची वर्षं; बेवारस पिशवी दिसली तरी लोक रस्ता बदलत. अशात परक्या सायकलशी झटापट करणाऱ्या सरांची कॉलर हवालदार गुरमेलसिंगांनी धरली. "ओए, क्या फिट कर रहा है?" मी धावत जाऊन ओळख पटवली, पण तोवर आठ मुठी जप्त झाल्या होत्या.

महिन्याभराने तेच हवालदार लेकीला घेऊन आले. बारा वर्षांची सिमरन सायकलवरून पडली होती. हँडल पोटात बसलं होतं. रक्ताचा रिपोर्ट ठीक, पोरगी हसत होती.

"घरी पाठवू या, सर?"

"लाजाळू," सर म्हणाले आणि तिला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती कळवळू लागली, रिपोर्ट बिघडला. मी तिला घरी पाठवायला निघालो होतो; वहीतल्या 'लाजाळू'खाली दोन रेघा ओढल्या. तपासणीत स्वादुपिंडाची नळी शाबूत निघाली, म्हणून ऑपरेशन टळलं. फक्त सलाईन, तोंडाने काही नाही. सर दिवसातून चारदा पोट तपासायचे.

"सर जी, एक पराठा?"

"कल."

रोज कल.

सर दुपारी वॉर्डातच जेवायचे. आता त्यांचा डबा उघडेना.

"उपास, सर?"

"तिला वास जातो रे."

"मग खोलीवर जेवा ना."

"खोलीवर कोण आहे?" सर म्हणाले. इथली परिस्थिती बघून त्यांनी बायको-मुलांना साताऱ्याला धाडलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

अखेर सिमरनला मुगाचं पाणी सुरू झालं. सरांनी स्टूल ओढून डबा उघडला. आत मुगाचंच पाणी.

"पराठा किधर?" तिने दरडावलं.

"हम दोनों का, कल."

हवालदारांनी खिशातून जप्त केलेल्या आठही मुठी काढून उशाशी ठेवल्या. सर घोट घेत तिला साताऱ्याच्या घाटातल्या सायकलस्वारीच्या गोष्टी सांगत सुटले. जेवताना सर इतकं बोलतात, हे मला ठाऊकच नव्हतं.