वायूचा रहिवासी दाखला

हॉलंडच्या सीमेलगतच्या पूर्व फ्रीसलंडमधल्या मिडेल्सवार्फ गावी जमिनीखाली अकराशे मीटरवर एक खोली रिकामी होती. खोली मिठाची. टोम्मा ऊकेना या बाईने नऊ वर्षं पाणी सोडून मीठ विरघळवलं आणि खारं पाणी उपसून ती कोरली होती. पवनचक्क्यांच्या वाया जाणाऱ्या विजेवर उन्हाळ्यात हायड्रोजन बनवायचा, या खोलीत कोंडायचा आणि थंडीत काढून वापरायचा, इतका सरळ बेत होता. सरळ होता, हेच त्या बेताचं चुकलं.

परवानगीची मुदत शुक्रवारी दुपारी एकला संपत होती. तोवर सही झाली नाही, तर नियमानुसार खोली पुन्हा खाऱ्या पाण्याने भरायची. नऊ वर्षांवर अक्षरशः पाणी फिरणार होतं.

शुक्रवारी सकाळी सही करणारे सरकारी अधिकारी हुंडर्टमार्कसाहेब फाइल घेऊन टोम्माच्या कचेरीत आले. दूरच्या शहरातून नुकतेच बदली होऊन आलेले, अत्यंत सज्जन.

"खोलीत राहणार कोण?"

"हायड्रोजन," टोम्मा म्हणाली.

"किती दिवस?"

"पाच महिने."

"तीन महिन्यांच्या वर मुक्काम म्हणजे रहिवासी नोंद आली. जन्मतारीख?"

कॉम्प्रेसर सांभाळणारा म्हातारा फोक्को खो खो हसला. "लिहा साहेब, विश्व सुरू झालं तेव्हाची. तेराशे ऐंशी कोटी वर्षं झाली असतील."

साहेबांनी लिहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. "अरेरे, ज्येष्ठ नागरिक! मग चाकाच्या खुर्चीसाठी उतरण हवी. शंभर मीटरला सहा मीटर, त्याहून उभी चालणार नाही."

टोम्माने कागदावर हिशेब मांडला. "साहेब, अठरा किलोमीटर होतात. वरचं तोंड हॉलंडमध्ये उघडेल."

"मग हॉलंडची हरकत नाही ना, विचारा."

हॉलंडवाल्यांनी फोनवर तत्काळ होकार दिला. फक्त उतरणीवर सायकलींसाठी वेगळी मार्गिका मागितली. साहेबांना ती मागणी रास्त वाटली. पण सायकली आल्या म्हणजे दिवे आले, दिवे आले म्हणजे ठिणगी आली. त्यांनी सुरक्षेचं पुस्तक उघडलं. हायड्रोजनचा साठा असलेल्या जागेत कुणालाही राहता येत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. त्यामुळे हायड्रोजनलाही येत नव्हतं.

"तो राहणार नाहीच मुळी!" टोम्मा ओरडली. "पाहुणा म्हणून येईल. नव्वद दिवस झाले की बाहेर एक चक्कर मारून परत."

साहेब उजळले. "पाहुणा? पाहुण्याला कसलाच दाखला लागत नाही!" त्यांनी खिशातून पेन काढलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. टोम्माने फोक्कोला मिठी मारून कचेरीभर गिरकी घेतली आणि त्याच आनंदात चहा टाकला.

गरम चहा पडताच कपातली खडीसाखर तडतडली, वर साय तरंगली. पहिला कप, दुसरा, तिसरा. या मुलुखात ज्याला पुरे झालं, तो रिकाम्या कपात चमचा ठेवतो. तोवर यजमान ओतत राहतो. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, ओतलेला चहा संपवायचा ही इथली रीत असणार. कप बाजूला सारून सही करणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं.

दहाव्या कपाला फोक्को टोम्माच्या कानाशी लागला. "अगं, सांग ना त्यांना, चमचा ठेवा म्हणून!"

"वेडा आहेस का? पाहुण्याला चमचा दाखवायचा म्हणजे ऊठ आणि चालता हो, असंच सांगणं!"

"मग मी सांगतो."

"खबरदार! माझ्याकडे आलेत ते."

"बरं, निदान ओतू तरी नकोस, बये! पाच मिनिटं उरलीत!"

"कप रिकामा दिसतोय रे," टोम्मा रडवेली होऊन म्हणाली, आणि ओतला.

अकराव्या कपाला एक वाजला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चहा फार उत्तम," ते घामाघूम होऊन म्हणाले, "पण कार्यालय आता बंद झालं."

सोमवारी खारं पाणी सोडलं. टोम्मा पाइपाजवळ उभी राहून ढसाढसा रडली. साऱ्या गावाने सरकारला शिव्या घातल्या आणि टोम्माच्या पाहुणचाराची तारीफ केली. वाचकहो, तुम्हीही आत्ता मनात तेच करताय. पण खरं सांगा, समोर साहेब बसलाय, कप रिकामा आहे आणि पाच मिनिटं उरलीत. तुमचा हात आधी फाइलीकडे गेला असता की किटलीकडे?