चारशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा फॉल

इराप्पा अण्णा आमच्या गल्लीत राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे पाचशे अठ्ठ्याहत्तर नंबरचा दोरा मागितला. राजारामपुरीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. रिळांवर कंपनीचे नंबर असतात, म्हणून मी अख्खं कपाट उपसलं. रीळ काही मिळेना. शेवटी मी वैतागले.

"अण्णा, रंग कुठला पायजे ते सांगा की!"

"सांगितला की. पाचशे अठ्ठ्याहत्तर."

त्यांना पिवळा दोरा हवा होता. गादीच्या खोळीला.

अण्णा मूळचे सीमेकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. कबनूरला कापड रंगवायच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गिऱ्हाईक रंगाचा तुकडा पाठवायचं आणि तसाच रंग ताग्यावर उतरला की नाही, हे अण्णा प्रयोगशाळेत मशीन लावून सांगायचे. ते मशीन जुनं झालं आणि भंगारात निघालं, तेव्हा अण्णांनी ते रिक्षात घालून घरी आणलं. लोकांच्या घरात टीव्ही असतो त्या जागी यांच्या घरात ते मशीन. आलेल्या माणसाला आधी त्याची चकती फिरवावी लागायची, चहा नंतर.

"ताई, पांढऱ्या उजेडात समदं रंग गर्दी करून असत्यात," अण्णा समजावून सांगायचे. "सणाला अंबाबाईच्या देवळात रांग लावत्यात न्हवं? तसं हे मशीन त्यास्नी पसरून रांगंत लावतंय. मग ही बारीक फट एकालाच भाईर सोडती. चकती फिरवली की दुसरा. परत्येकाला नंबर हाय."

मी फटीला डोळा लावून चकती फिरवायची. जांभळा जायचा, निळा यायचा, मग हिरवा. बघायला छानच वाटायचं, पण त्याचं करायचं काय ते मला कळायचं नाही. आमच्या धंद्यात आमसुली, डाळिंबी, अबोली, शेवाळी असे रंग. अण्णांचं एकच पालुपद, "नाव नगं, नंबर सांगा." मंडईत ते टोमॅटो सहाशे वीसच्या वरचा मागायचे. एकदा दुकानात एक मुलगी लग्नाचा राणी कलरचा शालू घेऊन आली होती. अण्णा तिथंच स्टुलावर बसलेले. म्हणाले, "पावणं, ह्या रंगाला नंबरच न्हाय. रांगंत ह्यो कुठंच उभा न्हाय. तांबडा आन् निळा एकदम आला की आपल्याला ह्यो दिसतोय, एवढंच." मुलगी शालूकडे बघत राहिली, मग आईला घेऊन दुसऱ्या दुकानात गेली. मी अण्णांशी चार दिवस बोलले नाही.

त्यांच्या बायकोला, शांताक्कांना, नंबरांचं काडीचं कौतुक नव्हतं. "कारखान्यात लावा नंबर. मला मोरपंखी साडी पायजे," असं त्यांनी ठणकावलं आणि उतारवयात दोघं जाऊन एक साडी घेऊन आली. ती फॉलला माझ्याकडे आली. मी निळ्या साडीला लावतात तसा निळा फॉल लावून दिला. दुसऱ्या दिवशी अक्का दुकानात हजर, मागोमाग अण्णा.

"अगं विमल, मोरपंखी साडीला निळा फॉल? डोळं हाईत का बटनं?"

मी साडी दारात उन्हात नेली. चक्क निळी. दुकानात आणली, तरी निळीच. मी अण्णांकडे बघितलं. या माणसाने तरी मशीन लावून सांगावं! तर नंबरवाले अण्णा म्हणाले, "ती म्हंती त्ये बरोबर हाय, ताई. मोरपंखीच हाय." अण्णांच्या तोंडून रंगाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही चुकीचं. माझं डोकं चालेना. निमूटपणे टाके उसवले आणि निळ्या साडीला हिरवट मोरपंखी फॉल लावला. अक्का ती साडी नेसून गल्लीतून निघाल्या की घोट्यापाशी तो फॉल डोकावायचा आणि मी दुकानात आत सरकायची. कुणी विचारायला नको, कुणी शिवलाय म्हणून.

अक्का वारल्यावर अण्णा जास्तच विचित्र वागायला लागले. ती साडी त्यांनी मशीनशेजारच्या खुर्चीवर ठेवली. येईल त्याला म्हणायचे, चकती फिरवा आणि ह्या साडीसारखा रंग आला की थांबा. मी थांबले ते चारशे सहासष्टवर. त्यांनी वहीत लिहिलं आणि चेहरा पाडून बसले. गल्लीत कुणाला मोतीबिंदू झाला की अण्णा त्याला ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घरी न्यायचे. कोपऱ्यावरच्या रिटायर कंडक्टर बापूंना तर तीनदा नेलं. बापू ओरडत बाहेर आले, "अण्णा, ऑपरेशन डोळ्याचं झालंय माज्या, डोस्क्याचं न्हाय! किती बारी फिरवू?"

आणि खुद्द अण्णांचा मोतीबिंदू पिकून आलेला. रस्ता ओलांडताना स्कूटरखाली येता येता वाचले. त्यांच्या मुलीचा, सुवर्णाचा, मला बेळगावहून फोन आला, "मावशी, डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर अवघड होईल. बाबा ऐकत नाहीत. तुम्ही बघा ना." मी तावातावाने गेले.

"अण्णा, गल्लीभर लोकांच्या डोळ्यांची चौकशी करता. तुमच्या डोळ्यांचं काय? आंधळं व्हायचंय?"

"न्हाय."

"मग भ्या वाटतंय?"

"व्हय."

"बापूंना दुखलं नाही. वीस मिनिटांत घरी आले."

"दुखायचं भ्या न्हाय वो, ताई." त्यांनी वही उघडली. "ह्ये बघा. बापू आधी चारशे चौऱ्याऐंशी. नंतर चारशे सदुसष्ट. समद्यांचं असंच. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतंय. पिवळं भिंग निळ्याला आडवतंय, मग निळं हिरवट दिसतंय. साडी घेतली तवा तिलाबी मोतीबिंदू हुता, मलाबी हुता. दुकानदार निळी म्हणालता. मीच त्याला रंग शिकवून आलतो."

"म्हणजे साडी निळी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सुवर्णा निळी म्हणाली, तुमी म्हणाला, तवा शंका आली. पर ती जित्ती हुती तवर मी त्या साडीला मशीन लावलं न्हाय." साडीवरून हात फिरवत ते बोलत होते. "समदी गल्ली निळी म्हंती. मोरपंखी म्हननारी आमी दोघंच हुतो. आता मी हाय. उद्या भिंग बदललं की मलाबी निळीच दिसनार. मग ती एकटी पडंल की वो."

भांडायला आलेली मी, खाली बसले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाला चक्रम समजत होते आणि त्या फॉलसाठी अक्कांना मनातल्या मनात नावं ठेवत होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला किती नंबर दिसतो?"

"चारशे अठ्ठ्याऐंशी."

"मग अण्णा, डोळ्यातलं पिवळं काढलं, तर ते बाहेरून परत लावता येत नाही का? काच वगैरे?"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "लावता येतंय की! कारखान्यातली काचांची आख्खी पेटी माळ्यावर पडलीया. मी नुसतं नंबरच लिवत बसलो!"

ऑपरेशन झालं. महिन्याभराने अण्णांनी मला बोलावलं. बघते तर अण्णांच्या नाकावर अक्कांचा चष्मा. बायकी फ्रेमचा, मागे दोरीवाला, आणि त्यात फिक्कट पिवळ्या काचा. हसू आवरेना. अण्णांनाही आवरलं नाही.

"अकरा काचा बघितल्या," ते म्हणाले. "बारावी बरोबर बसली. तुमी बघा."

मी चष्मा घातला. सवयीने आधी साडीचा काठ उलटा केला आणि फॉल बघितला. टाके माझेच. चष्मा वर सरकवला, तर निळ्या साडीला हिरवट पट्टी. खाली केला आणि फॉल साडीत मिसळून गेला. कुठे शिवलाय ते शोधावं लागत होतं.

"अण्णा, फॉल अगदी बरोबर बसलाय हो."

"मग? तिनं सांगितलंतं की तुमाला."

"व्हय अक्का," मी साडीकडे बघून म्हटलं, "चुकलं माझं. मोरपंखीच आहे."

अण्णांची वही शेजारीच उघडी होती. त्यांनी तिच्यात काही लिहिलं नाही. उठून चहा ठेवायला गेले.