आटत गेलेली भिंगरी

‘भिंगरी’ ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनवणारा कोल्हापूरचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून गावातली प्रत्येक भिंगरी दरवर्षी थोडी थोडी लहान होत गेली. त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. माणसंही उतारवयात आटतातच की.

कारखान्याच्या आठवणीचा मेळावा मात्र चुकला नाही. नियम एकच होता: निदान एक गाडी, मालक आत बसलेला असताना, मैदानात आली पाहिजे. नाहीतर मेळावा कायमचा बंद. बाकीचे मालक आपापल्या भिंगऱ्या पिशवीतून आणत. आनंदराव चौगुल्यांची सगळ्यात शेवटी बनलेली, म्हणून तेवढीच अजून अंगाला येत होती. शेजारची सीट कधीच आटून गेली होती आणि त्यांची बायको मालन रिक्षानं येई. स्टिअरिंगला तिला त्यांनी जन्मात हात लावू दिला नव्हता.

यंदा आनंदरावांनी महिनाभर भाकरी सोडली, तरी मेळाव्याच्या सकाळी गुडघा काही आत जाईना. ते गाडीशेजारी फरशीवर बसले आणि रडले. आपल्या हातून मेळावा बुडावा, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

मालन अंगानं चिमणीएवढी. ती म्हणाली, मी बसते की.

मेळाव्याचे अध्यक्ष निंबाळकर वकिलांना फोन लावला. त्यांनी गंभीरपणे विचार करून सांगितलं, की बसणारा मालकच हवा. मात्र दोन साक्षीदारांसमोर गाडी तोंडी दिली तरी चालेल. शेजारचं जोडपं आलं, चपला काढून उभं राहिलं.

“दिली,” आनंदराव म्हणाले.

“मनापासून?” मालननं विचारलं.

त्यांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. “मनापासून.”

मालननं पदर खोचला, आत बसली आणि इतकी वर्षं शेजारून बघितलं होतं तशी गाडी सुरू केली. आनंदराव मागून चालत निघाले.

मैदानात वकिलांनी मेळावा सुरू झाल्याचं जाहीर केलं. मंडळी उठून उभी राहिली. मालन मांडवापाशी आली, पण थांबली नाही. तिनं मैदानाला फेरी मारली, मग दुसरी. गाडीला घालायचा हार हातात धरून आनंदराव धापा टाकत तिच्याजवळ गेले आणि आता पुरे म्हणाले.

“जरा दमानं घ्या,” ती म्हणाली. “आत्ता कुठं गाडी माझी झालीय.”

पुढच्या वर्षी भिंगरी तिलाही लहान पडणार होती. ते आनंदरावांना कळत होतं. ते बाजूला झाले आणि उन्हं उतरेपर्यंत कोणीच तिला थांबवलं नाही.