रामनाथ काही केल्या जाईना

दापोड्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मी! असं माझं मत होतं. दुसरं कोणी ते बोलून दाखवत नसे. दिवाळीपर्यंत काम बघून पर्मनंट करतो, असं पंढरीशेठनी कबूल केलं होतं. साल २००६.

तेवढ्यात गेट कुठल्या बाजूला असावं यावरून शेठचं आणि त्यांचे भागीदार रामनाथशेठ यांचं वाजलं. भागीदारी तुटली. रामनाथशेठनी रस्त्यापलीकडेच स्वतःचं गोडाऊन उघडलं.

"रामनाथचा नाव मना कुठंच दिसायला नको!" शेठ गरजले. "त्याच्या जागी 'पंढरी & सन्स' टाक. किती दिस लागतील?"

"दिवस? चहा येईपर्यंत करतो!"

मी कमांड दिली: सगळ्या फायलींत 'रामनाथ' शोध आणि तिथे 'पंढरी & सन्स' टाक. तपासून बघायला मी काय शिकाऊ होतो? थेट दोनशे गेटपास छापले आणि ट्रकवाल्यांना वाटूनही टाकले.

अर्ध्या तासात एक ड्रायव्हर हसत आत आला. "मुबारक हो शेठजी! रामनाथजी आपके वालिद हैं, पता ही नहीं था!"

पासवर छापलं होतं, 'पंढरी रामनाथ सन्स'. भागीदार गेला आणि बाप होऊन परत आला!

त्याचं असं की, त्या कमांडमध्ये & म्हणजे 'आणि' नव्हे. & म्हणजे 'जे शोधलंस तेच इथे परत ठेव'. साधा & हवा असेल तर त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. हे शहाणपण मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी मात्र मी घाबरून तीच कमांड पुन्हा दिली आणि पडद्यावर आलं:

'पंढरी पंढरी रामनाथ सन्स सन्स'!

"अरं, त्याला काढ सांगितला, तू तर त्याला मधी घालून एकीकडं मना दोनदा, दुसरीकडं पोरं दोनदा बसवली!" शेठ ओरडले.

एवढ्यात दारात रामनाथशेठ! हातात गेटपास. "पंढरी, बाप मानलास ना? मंग पाया तरी पड!"

शेठ लालबुंद झाले आणि माझ्याकडे वळले. "तुला पर्मनंट व्हायचा हाय ना?"

"हो शेठ!"

"मंग जा, माझ्या बापाकडं हो पर्मनंट!"

रामनाथशेठ पोट धरून हसले आणि मला खरंच घेऊन गेले. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, गेटपास मी हाताने लिहितो. आजवर एकही चूक कोणाला सापडलेली नाही. माझं अक्षरच कोणाला वाचता येत नाही!