सरकारजमा झालेलं भांडं

सरकार बंद पडलं त्या दिवशी वेंडेल स्ट्रॉब दुपारच्या आत घरी आला, टाय सोफ्यावर फेकला आणि झोपला. वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्षांनी खर्चाचं विधेयक अडवून धरलं होतं. ते सुटेपर्यंत डेटन गावातल्या त्याच्या सरकारी कार्यालयाला कुलूप. ज्यांच्यावाचून अडतं ते पहारेकरी वगैरे बिनपगारी कामावर. ज्यांच्यावाचून अडत नाही ते बिनपगारी घरी. वेंडेल दुसऱ्या गटात होता आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटत नव्हतं. पगार काय, आज ना उद्या मिळणारच होता.

त्याची बायको मार्सी केस कापायचं दुकान चालवायची. गावातली निम्मी सरकारी डोकी तिच्याकडे यायची. आता ती घरच्या घरी भादरली जात होती. दिवसभर स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून ती मासिकं चाळायची, आणि घरी आल्यावर नवरा सोफ्यावर दिसायचा. दोन्हींचा तिच्या स्वभावावर परिणाम होत होता.

"आईचा फोन होता," एका संध्याकाळी ती म्हणाली. "रविवारी येतेय. तिचं निळं भांडं काढून ठेव म्हणाली."

वेंडेल उठून बसला.

सासूबाई, म्हणजे अर्लीन, ट्यूना मासा, नूडल्स आणि चीज एकत्र भाजून एक पदार्थ करायच्या. वेंडेलला त्याचा वासही सोसत नसे. पण "ऑफिसात नेतो, तिथं सगळे तुटून पडतात," असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि ऑफिसात नेऊन कचऱ्यात ओतत आला होता. या खेपेला कुलूप लागायच्या गडबडीत ओतायचं राहिलं. सासूबाईंच्या आईचं ते काचेचं भांडं ऑफिसच्या फ्रिजमध्ये अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसवर गेला. दारावर रुफस हा जुना पहारेकरी उभा होता.

"फक्त एक भांडं घ्यायचंय."

"आत सोडता येत नाही बाबा. बंदच्या काळात काम करताना सापडलास तर गुन्हा आहे."

"काम कोण करतंय? मी एरवी तरी कुठं करत होतो?"

"ते मला माहीत आहे. सरकारला माहीत नाही."

"मग तू आणून दे."

"मला दार सोडता येत नाही," रुफस जरा घाईनंच म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

वेंडेलनं वरिष्ठ बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी कामावर नाही, त्यामुळे परवानगी देऊ शकत नाही. नाकारूही शकत नाही. खरं तर हा फोन मी उचललेलाच नाही."

शेवटी मार्सीनं जुन्या सामानाच्या दुकानातून तसलंच निळं भांडं आणलं. रविवारी अर्लीननं ते हातात घेतलं, उलटं केलं, बुडाकडे पाहिलं.

"हे कोणाचं?"

खोटं कसं रचायचं हे दोघांनी ठरवलं नव्हतं, त्यामुळे दोघांनी वेगवेगळं सांगितलं. अर्लीननं काढलेला कोट परत चढवला. "चल, ऑफिस दाखव तुझं."

तिला पाहून आणि भांड्याचं नाव ऐकून रुफसचा चेहरा पडला.

"मॅडम, भांडं माझ्या गाडीत आहे. पगार थांबला. समोरचा सँडविचवालाही गिऱ्हाईक नाही म्हणून बंद करून गेला. एक दिवस फार भूक लागली आणि मी फ्रिज उघडला. दोन दिवस पुरवून खाल्लं. भांडं धुऊन ठेवलंय, पण द्यायला तोंड नव्हतं."

"कसं झालं होतं?" अर्लीननं विचारलं.

"खरं सांगू? हे मला नेहमी कचऱ्याच्या डब्यात दिसायचं, तेव्हा वाटायचं नासलं असेल. आता कळलं, टाकणाऱ्यालाच अक्कल नव्हती."

अर्लीननं जावयाकडे पाहिलं. जावई दारावरच्या झेंड्याकडे पाहत होता.

"पहाऱ्यावर किती जण आहात?" तिनं रुफसला विचारलं.

"सहा."

दोन दिवसांसाठी आलेल्या अर्लीननं बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावले. सरकार उघडेपर्यंत ती पहारेकऱ्यांना जेवू घालणार होती. सकाळी उठून चीज किसायचं, नूडल्स उकडायच्या, डबे पोचवायचे, ही सगळी कामं वेंडेलकडे आली. त्याच्या गाडीला ट्यूनाचा वास लागला, मग अंगाला. मार्सीला आईचा इतका आधार कधीच वाटला नव्हता. उरलेलं सगळं वेंडेलच्या ताटात यायचं, आणि शेवटची नूडल पोटात जाईपर्यंत अर्लीन समोर बसून राहायची.

आठवडाभरानं वेंडेलनं गुपचूप एका पक्षाच्या कचेरीत फोन केला. "आम्ही ठाम राहावं ना?" तिथल्या मुलीनं उत्साहानं विचारलं. "अजिबात नको," तो म्हणाला. मग दुसऱ्या पक्षाला फोन लावला. तिथंही तेच. तिथला माणूस गोंधळला.

"मग माघार नक्की कोणी घ्यायला हवीय तुम्हाला?"

स्वयंपाकघरात ओव्हनची घंटी वाजली.

"जो आधी घेईल त्यानं," वेंडेल हळू आवाजात म्हणाला. "पण जेवणाच्या आत."